शिडीचा मान

नॉर्बर्ट हागेमायरला टॅनर्स ग्रोव्हमध्ये सगळे नॉर्ब म्हणत, आणि तो स्वतःला गावाचा खांब समजे. समज अगदीच खोटा नव्हता. मेन स्ट्रीटवर त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, बापाने काढलेलं. तिथे खिळे आणायला गेलेला माणूस खिळे, एक कप कॉफी आणि बास्केटबॉलवरचं प्रवचन घेऊन परत येई. खिळ्यांचे पैसे पडत, प्रवचन फुकट. दुकानाच्या मागच्या अंगाला स्टोव्हभोवती रोज सकाळी दोन-चार म्हातारे पत्ते कुटत बसत. टॅनर कॉलेजच्या पोरांनी काल काय चुकवलं आणि उद्या काय करायला हवं, याचा निकाल तिथे लागे. कोच बोहॅननला तो कुणी कळवत नसे, एवढंच.

इंडियाना राज्याच्या या दक्षिण टोकाला बास्केटबॉलला नुसता खेळ म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. मक्याला भाव नाही मिळाला तर लोक चरफडतात. टॅनर हरलं तर जेवत नाहीत. आणि टॅनर हरायचंच. आठ-दहा छोट्या कॉलेजांची मिळून मार्चमध्ये स्पर्धा होई. जो ती जिंकेल त्याला थेट देशाच्या मोठ्या स्पर्धेत जागा. टॅनरने ती नॉर्बच्या तरुणपणी फक्त एकदा जिंकली होती. जिंकणाऱ्या पोरांनी एकेक करून वर चढायचं आणि बास्केटची जाळी कापायची, हा रिवाज. पण त्या वर्षी आपण जिंकू असं कुणाच्या स्वप्नातही नसल्यामुळे शिडीची सोयच केलेली नव्हती. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली, त्यातल्या एकाने पडून हात मोडून घेतला. तेव्हा नॉर्बचा बाप भर मैदानात म्हणाला होता, ‘‘पुढच्या वेळी शिडी माझ्या दुकानातून येईल.’’

पुढची वेळ काही आली नाही. बाप वाट बघत वारला आणि शिडीचा मान नॉर्बकडे आला. कॉलेजच्या हिरव्या रंगात रंगवलेली लाकडी शिडी. दर मार्चला तो ती पिकअपमध्ये टाकून सामना असेल तिथे नेई, प्रेक्षकांच्या सज्ज्याखालच्या बोळात उभी करी आणि संध्याकाळी तशीच परत आणी. लोक विचारत, ‘‘काय नॉर्ब, शिडीला फिरवून आणलंस?’’ तोही हसे. पण घरी आल्यावर ती पुसून ठेवताना त्याचा चेहरा बघण्यासारखा नसायचा. त्याची बायको डोलोरस म्हणायची, ‘‘पोरीच्या लग्नातसुद्धा इतका हिरमुसला नव्हतास.’’

चौऱ्याण्णव सालच्या हंगामाने मात्र गावाचं डोकं फिरवलं. त्याला कारण लॅमॉन्ट टिल्री. हा उंच, हडकुळा, मोजकं बोलणारा मुलगा पार वरच्या गॅरी शहरातून आलेला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्यासारख्या काळ्या माणसांची गावात कॉलेजबाहेर एक-दोन घरंच. त्यामुळे तो रस्त्याने चालला की सगळ्यांना कळे लॅमॉन्ट चाललाय. तेव्हा ते कौतुकानं कळे. उन्हाळ्याच्या सुटीत तो नॉर्बच्या दुकानात काम करायचा. आदल्या उन्हाळ्यात त्यानेच शिडीला नवा रंग दिला होता.

‘‘दोन हात दे,’’ नॉर्ब म्हणाला होता. ‘‘पहिला दिसण्यासाठी, दुसरा टिकण्यासाठी.’’

‘‘टिकवायची कशाला, मिस्टर नॉर्ब? या वर्षी वापरायचीये.’’

‘‘मागच्या सगळ्यांनी हेच सांगितलं रे.’’

‘‘मागच्यांनी सांगितलं. मी रंगवतोय.’’

त्या दिवसापासून नॉर्ब त्याला आपला मुलगा म्हणत सुटला. म्हणायला काय जातं.

आणि खरंच टॅनर स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचलं, तेही हंगामभराच्या सामन्यांत पहिला नंबर मिळवून. म्हणून अंतिम सामना टॅनरच्याच जुन्या जिममध्ये ठरला, शनिवारी दुपारी, होल्कम कॉलेजविरुद्ध. शिवाय टीव्हीवाले येणार, सामना राज्यभर दिसणार. ही बातमी कळल्यावर नॉर्बने केस कापून घेतले. हिरवा कोट ड्रायक्लीनला दिला. आरशासमोर उभं राहून शिडी कुठल्या खांद्यावर शोभते ते बघितलं. डोलोरस दारातून म्हणाली, ‘‘सामना पोरांचा आहे की तुझा?’’

‘‘बाबा असते तर त्यांनी नेली असती. मी त्यांच्या वतीने नेतोय.’’

‘‘त्यांच्या वतीने केस कापलेस होय.’’

सामना असा झाला की लोकांचे घसे बसले. शेवटी शेवटी बरोबरी होती आणि लॅमॉन्टला दोन फ्री थ्रो मिळाले, समोर कुणी आडवं नसताना बास्केटमध्ये टाकायचे, एकेका गुणाचे. पहिला त्याने अलगद घातला. दुसरा कडीवर नाचला आणि बाहेर पडला. टॅनर एका गुणाने पुढे. होल्कमची पोरं धावत इकडच्या टोकाला आली, त्यांचा फेकलेला चेंडू हुकला, झटापटीत टॅनरच्याच एका पोराचा हात लागून तो बास्केटमागच्या रेषेबाहेर गेला. पंचांची शिट्टी वाजली. चेंडू होल्कमचा, आणि घड्याळात एक सेकंद शिल्लक. तिथेच, त्या रेषेला लागून, बोळाचं तोंड होतं. बोळात नॉर्ब होता.

पुढे नॉर्ब सगळ्यांना सांगत राहिला की बोळातून गुणफलक दिसत नव्हता, नुसता गलका ऐकू आला, त्याला वाटलं संपलं. हे खोटं होतं. फलक दिसत होता. त्यावरच्या घड्याळातला एकचा आकडाही दिसत होता. पण त्याला टीव्हीचा कॅमेराही दिसत होता. एकदा भोंगा वाजला की पोरापोरींची झुंबड मैदानात घुसेल, त्या गर्दीत शिडी दिसणार नाही आणि शिडीवालाही. एका सेकंदात काय होणार आहे? इतकी वर्षं थांबलो, आता एक सेकंद आधी गेलो तर कोण मोजतंय? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. नॉर्बने शिडी खांद्यावर घेतली, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि हसऱ्या चेहऱ्याने बाहेर पडला.

होल्कमचा मुलगा रेषेवर चेंडू हातात घेऊन आत फेकायला उभा होता. नॉर्ब वळला तसा शिडीचा मागचा भाग त्या मुलाच्या खांद्यावर बसला. चेंडू हातातून सुटून घरंगळत गेला.

पंचाने शिट्टी फुंकली आणि एका तळव्यावर दुसऱ्या हाताची बोटं टेकवून खूण केली. ती खूण या गावात तान्ह्या पोराला कळते. टेक्निकल फाउल, यजमान संघावर. होल्कमला दोन फ्री थ्रो. त्यांनी दोन्ही घातले. चेंडू पुन्हा त्यांनाच मिळाला, त्यांनी तो रेषेवरून मैदानात फेकला, आणि भोंगा वाजला.

मैदानावर कुणी धावलं नाही. होल्कमच्या पोरांनासुद्धा ओरडायला क्षणभर उशीर झाला. नॉर्ब शिडी खांद्यावर घेऊन तसाच उभा होता, कारण ती ठेवायची कुठे हे त्याला सुचेना. कॅमेऱ्याने त्याला मनसोक्त दाखवलं. मग होल्कमच्या कोचने येऊन अगदी नम्रपणे विचारलं, ‘‘ही शिडी आम्ही वापरली तर चालेल ना?’’ नॉर्बने मान हलवली. टॅनरच्या हिरव्या शिडीवर चढून होल्कमच्या पोरांनी जाळी कापली.

बोळात एका उपड्या बादलीवर बसून नॉर्ब रडला. मोठ्या माणसाने रडू नये तसा, नाक गळत, खांदे हलवत. कोच बोहॅनन जवळून गेला, थांबला आणि पुढे गेला. मग लॅमॉन्ट आला. अंगावर खेळाचाच पोशाख, गळ्यात टॉवेल, शिडीचं एक टोक हातात धरून ती फरफटत आणत होता.

‘‘उठा मिस्टर नॉर्ब. इथे गारठा आहे.’’

‘‘पोरा, मी काय करून बसलो रे.’’

‘‘तुम्ही काही नाही केलं. माझा दुसरा थ्रो आत गेला असता तर आपण दोनने पुढे असतो. त्यांनी दोन्ही घातले असते तरी बरोबरी. मग जादा वेळेत त्यांना झोपवलं असतं.’’ तो खाली बसला. ‘‘माझ्यामुळे गेला सामना. तुमची शिडी मध्ये आली, इतकंच.’’

बावीस वर्षांचं पोर. चार वर्षं ज्यासाठी घाम गाळला ते तासाभरापूर्वी हातातून गेलेलं, आणि हा एका म्हाताऱ्याचे अश्रू पुसायला आला होता. अशा वेळी ‘नाही बाळा, चूक माझी’ एवढे चार शब्द बोलायला हवे होते. ते नॉर्बच्या तोंडापर्यंत आलेही. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि ही तर चांगली फळी होती. नॉर्बने बाहीला नाक पुसलं आणि म्हणाला, ‘‘हो रे. तो थ्रो आत जायलाच हवा होता.’’

लॅमॉन्टने त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, ‘‘हो. जायला हवा होता.’’ मग शिडीचं दुसरं टोक धरून त्याने ती पिकअपपर्यंत पोचवली.

सोमवारी सकाळी दुकानात म्हातारे जमले तेव्हा कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. पत्ते वाटले जात होते, पण डाव कुणी बोलत नव्हतं. क्लीट्स नावाचा, सगळ्यांत फाटक्या तोंडाचा म्हातारा, तोसुद्धा कपात बघत बसला होता. ही दया नॉर्बला सोसेना. कुणीतरी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणे. घातल्या असत्या तर त्याने मारामारी केली असती.

‘‘लॅमॉन्ट भेटला होता मला,’’ नॉर्ब कॉफी ओतत म्हणाला. ‘‘आपणहून आला. म्हणाला, मिस्टर नॉर्ब, माझ्यामुळे गेला सामना. तो दुसरा थ्रो.’’

खोलीतली हवाच बदलली. सगळ्यांनाच ती काडी हवी होती; आपल्या नॉर्बने गावाचं नाक कापलं हे मानायला त्यांनाही जड जात होतं.

‘‘म्हणाला का तसं?’’ जीन एबर्टने विचारलं. हा दूधवाला होता पूर्वी, सगळ्यांत सज्जन. ‘‘खरंय म्हणा. घातला असता तर बरोबरी तरी होती.’’

‘‘चार वर्षं फुकट शिकला,’’ क्लीट्सला कंठ फुटला, ‘‘फुकट जेवला, फुकट बूट घातले. आणि समोर कुणी नसताना, पंधरा फुटांवरून, एक चेंडू घालता येईना? माझी म्हातारी घालेल.’’

‘‘तुझ्या म्हातारीचे गुडघे गेलेत.’’

‘‘बसून घालेल.’’

सगळे हसले. शनिवारनंतरचं पहिलं हसू. नॉर्बही हसला. डाव सुरू झाला.

त्याने आणखी काही केलं नाही. कुणाचं वाईट चिंतलं नाही, पोराविषयी खोटं पसरवलं नाही. पोर जे बोललं तेच त्याने सांगितलं. नंतर मनाशी तो हेच घोकत राहिला, आणि यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, हीच त्यातली नीच गोष्ट. गोष्ट स्टोव्हपासून न्हाव्याकडे गेली, न्हाव्याकडून चर्चच्या पायऱ्यांवर, तिथून पेट्रोल पंपावर. ईस्टर येईपर्यंत गावात शिडीचं नाव कुणी काढीनासं झालं. ‘त्या फ्री थ्रोने घात केला’ असं लोक बोलत. पुढे पुढे ‘त्या पोराने’ म्हणू लागले. लॅमॉन्ट हे नाव घ्यायची गरजही उरली नाही.

लॅमॉन्ट दुकानात यायचा बंद झाला. दिसायचा तो पलीकडच्या फुटपाथवर, मान खाली घालून. नॉर्बला वाटे, परीक्षा जवळ आल्या असतील.

एकदा किराणा दुकानाच्या रांगेत नॉर्बच्या पुढे दोन माणसं सोडून लॅमॉन्ट उभा होता. गल्ल्यावरच्या माणसाने त्याची सुटी नाणी हातात द्यायच्याऐवजी वर उडवली आणि म्हणाला, ‘‘धर, हे तरी चुकवू नकोस.’’ लॅमॉन्टने ती झेलली. हसलासुद्धा, सगळे दात दाखवून, कारण हसला नसता तर उद्या त्याचीही गोष्ट झाली असती. मग पिशवी उचलताना त्याची नजर मागे गेली आणि नॉर्बवर थांबली. काहीतरी मागितल्यासारखी नव्हती. नुसती थांबली. नॉर्बच्या हातात दुधाची बाटली होती. तोंड उघडायचा अवकाश होता. तो च्युइंगमच्या पाकिटांवरचे रंग बघू लागला, आणि वर बघितलं तेव्हा दार मिटलेलं होतं. घरी जाताना त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. डोलोरसने विचारलं, ताप आहे का. तो म्हणाला, ऊन आहे. ऊन नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी संघाचं निरोपाचं जेवण होतं, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. तळलेली कोंबडी, कुस्करलेले बटाटे, पर्सिमनच्या फळांचं गोड पुडिंग. शेवटच्या वर्षाच्या पोरांचे आईवडील येत, कोच एकेकाला पुढे बोलावून दोन शब्द बोले. डोलोरस बायकांबरोबर वाढायला होती. नॉर्ब जीन आणि क्लीट्सच्या टेबलावर बसला. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथे निळी टोपी घातलेली एक ठेंगणी, रुंद बाई येऊन बसली. लांबच्या बसचा शीण तोंडावर दिसत होता.

‘‘इथे कुणी आहे का?’’

‘‘नाही, बसा ना,’’ नॉर्ब म्हणाला. ती लॅमॉन्टची आई, अर्लीन टिल्री. हे त्याने नाक-डोळ्यांवरून लगेच ओळखलं, आणि बटाट्यांकडे बघू लागला.

क्लीट्सने तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. तोंडात कोंबडी ठेवून तो नेहमीचंच दळण दळत होता. ‘‘तो एक थ्रो आत गेला असता ना, तर आज इथे जाळीचे तुकडे वाटले असते.’’ जीनने त्याला टेबलाखालून लाथ मारली. क्लीट्सने वर बघितलं, टोपी बघितली आणि पाण्याचा ग्लास उचलला.

बाईने पावाला लोणी लावलं. मग सावकाश, सुरीवरचं लोणी पावाच्या कडेला पुसत, नॉर्बला म्हणाली, ‘‘शिडीवाले ते तुम्हीच ना?’’

‘‘हो.’’

‘‘लॅमॉन्टने त्याच दिवशी फोन केला होता. म्हणाला, आई, एक म्हातारा बादलीवर बसून लहान पोरासारखा रडत होता. मला बघवेना. मी सांगितलं त्याला की माझ्यामुळे गेला.’’ तिने पावाचा घास घेतला, नीट चावला. ‘‘मी म्हटलं, बरं केलंस. मोठी माणसं अशा वेळी ‘नाही, चूक माझी’ म्हणतात, पण त्यांना बरं वाटतं.’’

नॉर्बला आपले हात टेबलावर नको झाले. ते त्याने मांडीवर घेतले.

कोचने नावं पुकारायला सुरुवात केली. लॅमॉन्टचं नाव आलं तेव्हा तो कोट घालून पुढे गेला. कोच चांगलं बोलला. टाळ्या पडल्या, पण पाहुण्याच्या पोराने पेटी वाजवून दाखवल्यावर पडतात तशा. लॅमॉन्टने मान लववली आणि परत निघाला. तेवढ्यात खुर्ची करकरली. नॉर्ब उभा राहिला होता.

‘‘मला बोलायचंय,’’ तो म्हणाला. आवाज घोगरा आला. ‘‘सामना त्या थ्रोने गेला नाही. माझ्यामुळे गेला. मला फलक दिसत होता. एक सेकंद आहे हे दिसत होतं मला. टीव्हीत दिसावं म्हणून मी बाहेर आलो. आणि पोराने दयेने एक शब्द टाकला, तो मी गावभर विकला.’’

मग जीन एबर्टचे डोळे भरून आले. ‘‘बघा, काय मन आहे या माणसाचं,’’ तो मोठ्याने म्हणाला आणि टाळ्या वाजवू लागला. कुणीतरी मागून म्हणालं, पोराला वाचवायला बघतोय. ‘‘अरे खरं सांगतोय मी,’’ नॉर्ब म्हणाला. ‘‘हो हो, नॉर्ब, कळतं आम्हाला,’’ क्लीट्स म्हणाला आणि उठून उभा राहिला. त्याच्यामागून टेबलं उठली. लॅमॉन्टच्या वाट्याला आल्या त्याच्या चौपट टाळ्या झाल्या. नॉर्बने हात हलवून थांबवायचा प्रयत्न केला, तो त्यांना विनय वाटला. कोचने पुढचं नाव पुकारलं. लॅमॉन्ट आपल्या जागेवर उभा राहून, सगळ्यांसारखाच, टाळ्या वाजवत होता.

नॉर्ब खाली बसला. शेजारच्या बाईने टाळी वाजवली नव्हती. तिने पुडिंगची बशी त्याच्याकडे सरकवली.

‘‘एक विचारू?’’ ती म्हणाली. ‘‘त्या रात्री तुम्हाला झोप लागली का?’’

खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. आणि झोप लागली होती. बोळातून घरी गेल्यावर तो जेवला होता आणि दगडासारखा झोपला होता.

‘‘लागली,’’ तो म्हणाला.

‘‘बरं झालं,’’ अर्लीन टिल्री म्हणाली. ‘‘कुणाला तरी लागली.’’ मग पुढच्या पोराचं नाव पुकारलं होतं, म्हणून ती वळून त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागली.